ऑप्शनला काय टाकायचं?

फेब्रुवारी लागला की नागपुरात सकाळी स्वेटर घालावा लागतो आणि दुपारी पंखा लावावा लागतो. याच दिवसांत बारावीचे पेपर सुरू होतात आणि गावभर एकच प्रश्न फिरू लागतो. बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात, नंदनवनातल्या एखाद्या अभ्यासिकेच्या जिन्यावर, कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्यांची प्लेट हातात धरून कुणीतरी कुणालातरी विचारत असतं, "फिजिक्सला काय इम्पॉर्टंट आहे बे?"

उत्तर देणाऱ्यांची कमी नसते. गेल्या वर्षी पास झालेला शेजारचा दादा असतो. "हे लिहून ठेवा, येणारच" असं फळ्यावर दोनदा अधोरेखित करून सांगणारे क्लासचे सर असतात. 'एकवीस अपेक्षित' नावाचा प्रश्नसंच असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाईलवर फिरत आलेली, कुणी केली ते कुणालाच ठाऊक नसलेली यादी असते. या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, पण सगळ्या सारख्याच ठामपणे दिल्या जातात. विचारणाऱ्यालाही खरं म्हणजे उत्तर तपासायचं नसतं. कुणीतरी चार नावं घेतली की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो.

या सगळ्यामागे एक श्रद्धा आहे. काही चॅप्टर मोठ्या घरचे आहेत, काही सामान्य आहेत, आणि कुणाचं कूळ काय ते कुणा एकाला ठाऊक आहे. ती यादी हाती लागली की झालं.

गंमत अशी की ती यादी खरोखरच आहे आणि ती गुप्त नाही. बारावीचं सध्याचं फिजिक्सचं पुस्तक २०२० साली आलं. (त्याचं नशीबही विचित्र. आलं त्याच वर्षी करोनामुळे अभ्यासक्रम २५ टक्के कमी झाला, म्हणजे काय सोडायचं ते सरकारनेच ठरवलं, आणि शेवटी २०२१ची परीक्षाच रद्द झाली.) या पुस्तकात १६ चॅप्टर आहेत. कोणत्या चॅप्टरला किती मार्क, याचा तक्ता बोर्डानेच दिलेला आहे. लेखी पेपर ७० मार्कांचा, उरलेले ३० प्रॅक्टिकलचे. आता या ७० मार्कांची वाटणी बघा. रोटेशनल डायनॅमिक्स ५, फ्लुइड्स ५, कायनेटिक थिअरी ५, थर्मोडायनॅमिक्स ५, वेव्ह ऑप्टिक्स ५, इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन ५. बाकीच्या दहा चॅप्टरांना प्रत्येकी ४. संपला तक्ता.

म्हणजे सगळ्यात मोठ्या घरच्या आणि सगळ्यात सामान्य चॅप्टरात फरक आहे तो एका मार्काचा. ऑप्शनसकट मोजलं तरी कुणाला ७, कुणाला ६, कुणाला ५. पंगतीत वाढणाऱ्या एखाद्या काटेकोर आजोबांसारखं बोर्डाने प्रत्येकाच्या पानात एकच डाव वाढला आहे, फार तर सहा जणांना अर्धी पोळी जास्त. "इम्पॉर्टंट काय?" या प्रश्नाला बोर्डाचं अधिकृत उत्तर "सगळंच" असं आहे. हे उत्तर कुणालाच नको असतं, म्हणून तक्ता समोर असूनही यादीचा शोध चालू राहतो.

मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. करून बँकेत लागलो. नोकरीत कॉइल आणि कपॅसिटरशी संबंध उरला नाही, पण नात्यागोत्यात 'फिजिक्सवाला' म्हणून माझीच नोंद राहिली. त्यामुळे ताईने जानेवारीअखेरीस आपल्या लेकीला माझ्याकडे धाडलं. "तू तिला नीट सांग रे, माझं तर ती ऐकतच नाही" अशी प्रस्तावना फोनवर आधीच झाली होती. भाची आली ती पुस्तक आणि एक चार्ट घेऊन. चार्टावर सोळा चॅप्टरांची नावं. हिरव्या रंगात झालेले, पिवळ्यात अर्धवट, लालमध्ये न झालेले.

"मामा, पूर्ण पोर्शन काही होऊन नाही राहिला," ती म्हणाली. "तू फक्त सांग, ऑप्शनला कोणते टाकू?"

मी आधी पुस्तक हातात घेतलं. वापरलेलं पुस्तक चार्टापेक्षा खरं बोलतं. रोटेशनल डायनॅमिक्सची पानं बोटं लागून मळकट झाली होती, कोपरे दुमडले होते, बँकिंग ऑफ रोडच्या आकृतीवर तीन रंगांच्या खुणा होत्या. फ्लुइड्सपर्यंत हाच थाट. पुढे पुढे पानं गोरी होत गेली. डुअल नेचर, अ‍ॅटम्स अँड न्यूक्लिआय, सेमिकंडक्टर, ही शेवटची पानं तर एकमेकांना चिकटलेलीच होती. ती अंगठ्याने सोडवावी लागली. कारण उघड आहे. दिवाळीनंतर अभ्यासाला लागायचं ठरलं की पान एकपासून सुरुवात. प्रीलिमनंतर पुन्हा जोमाने लागायचं की पुन्हा पान एकपासून. जितक्या वेळा नवा संकल्प, तितक्या वेळा रोटेशनल डायनॅमिक्स. पुस्तकातला अनुक्रम हाच तिचा प्राधान्यक्रम झाला होता, आणि तो तिने ठरवलेला नव्हता.

मार्क सारखेच असतील तर बघायचं काय? किंमत बघायची. चार मार्कांसाठी कोणता चॅप्टर किती तास मागतो, हे बघायचं. मॅग्नेटिक मटेरियल्स लहानसा चॅप्टर आहे. डाया, पॅरा आणि फेरो यांतला फरक, क्युरी तापमान, हिस्टेरिसिसचा वळसा, दोनतीन सूत्रं. सेमिकंडक्टरमध्ये रेक्टिफायरच्या आकृत्या, झेनर, एलईडी, सोलर सेल, लॉजिक गेट. समजून काढलेली आकृती सहसा विसरत नाही. डुअल नेचरमध्ये आइन्स्टाइनचं फोटोइलेक्ट्रिक समीकरण आणि डी ब्रॉग्लीची तरंगलांबी नीट कळली की निम्मा चॅप्टर झाला. हे तिन्ही मिळून १२ मार्क होतात, आणि थर्मोडायनॅमिक्ससारखा एकटा चॅप्टर जितके दिवस खातो तेवढ्यात हे तिन्ही उरकतात. पण पुस्तकाच्या उत्तरार्धात असल्यामुळे कॉलेजात ते घाईघाईत होतात, आणि जे घाईत झालं ते अवघडच असणार असं मुलं धरून चालतात.

भाचीच्या चार्टावर लाल रंगात हेच तीन होते. चौथा लाल होता ऑसिलेशन.

"ऑसिलेशन काहून टाकला?"

"चारच मार्क आहेत ना. अन् त्यात डेरिव्हेशनच डेरिव्हेशन."

तक्त्याप्रमाणे तिचं चूक नव्हतं. ऑप्शनसकट सगळ्यात कमी, म्हणजे ५ मार्क असलेले चार चॅप्टर आहेत आणि ऑसिलेशन त्यांतला एक. मग मी चार्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिला सोळा नावं गोलाकार लिहायला लावली. म्हटलं, ज्या चॅप्टरातलं काही दुसऱ्या चॅप्टरात लागतं तिथे बाण काढ. तिने आधी कंटाळत काढले, मग भराभर. ऑसिलेशनमधला साइन आणि ओमेगा-टी सुपरपोझिशनमध्ये जातो, तिथून स्टेशनरी वेव्हजमध्ये. तोच साइन एसी सर्किटमध्ये व्होल्टेज म्हणून उभा राहतो. एलसी सर्किटमध्ये तर स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचंच समीकरण आहे, फक्त अक्षरं बदललेली. रोटेशनलमधला टॉर्क मॅग्नेटिक फील्डमधल्या कॉइलला फिरवतो. बोरच्या अणूत वर्तुळाकार गती पहिल्या चॅप्टरातून येते, कुलोमचं आकर्षण आठव्यातून. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा अँग्युलर मोमेंटम मॅग्नेटिक मटेरियल्समध्ये पुन्हा भेटतो.

बाण काढून झाले तेव्हा ऑसिलेशनच्या भोवती नुसती गर्दी झाली होती. चार मार्कांचा चॅप्टर सोडला तर चार मार्क जातात, हा हिशेब तिथे बसत नव्हता. तो सोडला की सुपरपोझिशन आणि एसी ही दोन्ही प्रकरणं पाठांतराची होऊन बसतात, आणि पाठ केलेल्या एसीवर एखादं आडवळणाचं न्यूमेरिकल आलं की हात थांबतो. उलट सेमिकंडक्टरमधून बाहेर जाणारा बाण जवळपास नव्हताच. परीक्षेच्या दृष्टीने तो स्वस्त आणि सुटा चॅप्टर. तो आठ दिवस आधी केला काय किंवा दोन दिवस आधी केला काय, दुसऱ्या कुणाचं अडत नाही. ऑसिलेशन मात्र लवकर व्हायला हवा. मार्कांच्या तक्त्यात हे काहीच दिसत नाही. कोणत्या चॅप्टरावर किती विचारलं जाईल, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्या चॅप्टराच्या जिवावर दुसरं काय काय चाललंय, ते बाण काढल्याशिवाय कळत नाही.

सोडण्याच्या प्रश्नाकडे मला कमीपणाने बघवत नाही. सोव्हिएत संघात लेव्ह लांडाऊ नावाचा फार मोठा भौतिकशास्त्रज्ञ होऊन गेला. आपल्याकडे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी त्याने 'थिअरेटिकल मिनिमम' नावाची परीक्षांची एक मालिकाच ठेवली होती. भौतिकशास्त्रातलं किमान एवढं आलंच पाहिजे, अशी त्याची यादी होती आणि तिच्यात ऑप्शन नव्हता. १९३४ ते १९६१ या काळात ती परीक्षा ४३ जणांनी पार केली. सत्तावीस वर्षांत ४३. कुणालाही काहीही सोडू न देणारी परीक्षा किती जणांना पेलते, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

आपल्याकडच्या परीक्षेला एकट्या नागपूर विभागीय मंडळातून सहा जिल्ह्यांतली मुलं बसतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. धंतोलीतल्या क्लासात वातानुकूलित खोलीत तिसरी रिव्हिजन करणारी मुलगी आणि लांबच्या तालुक्यातला, जिथे फिजिक्सच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी राहिली असेल तिथला मुलगा, दोघांच्या हातात एकच पेपर पडतो. त्या मुलाला दोन चॅप्टर कुणी शिकवलेच नसतील तर त्यात त्याचा आळस नाही. पेपरातला ऑप्शन ही त्याच्यासाठी ठेवलेली जागा आहे. त्यामुळे "आमच्या वेळी आम्ही पूर्ण पोर्शन करत होतो" असं म्हणणाऱ्या काकांनी एकदा पेपराची रचना वाचावी. सोडण्याचा हक्क बोर्डाने स्वतः दिलेला आहे, आणि तो लहान नाही. पेपरात एकूण ९८ मार्कांचे प्रश्न असतात, सोडवायचे ७० मार्कांचे. २८ मार्कांचा पेपर न बघता बाजूला ठेवायची मुभा आहे.

फक्त ही मुभा नेमकी कशावर आहे ते कुणी नीट बघत नाही.

भाचीला वाटत होतं, २८ मार्क म्हणजे ऑप्शनसकट चारपाच चॅप्टर. चार लाल चॅप्टरांचा तिचा हिशेब त्यातूनच आला होता. आम्ही जुना पेपर समोर घेतला. पहिल्या प्रश्नात १० एका-एका मार्काचे बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात ८ एका-एका वाक्याची उत्तरं. या १८ मार्कांना ऑप्शन नाही. मग दोन मार्कांचे १२, त्यांतले ८ सोडवायचे. तीन मार्कांचे १२, त्यांतले ८. चार मार्कांचे ५, त्यांतले ३. म्हणजे ऑप्शन चॅप्टरावर दिलेलाच नाही, तो प्रश्नाच्या आकारावर दिलेला आहे. दोन मार्कांचे चार सोडा, तीनचे चार सोडा, चारचे दोन सोडा. आता चार चॅप्टर अजिबात न वाचता गेलं, तर बिनऑप्शनच्या १८ मार्कांत सरासरीने साडेचार मार्क आधीच गेले. आणि चार मार्कांच्या पाच प्रश्नांत नेमके तीन आपल्या सोडलेल्या चॅप्टरांवर आले, तर लिहायला दोनच उरले. ऑप्शन होता, पण आपला तो आधीच वापरून झालेला.

यातून जी गोष्ट निघाली ती आधी मलाही दिसली नव्हती. चार्टावर चॅप्टरांची नावं रांगेत होती. भाची त्यांच्यावर उभी रेघ मारून चारांना बाहेर काढत होती. पेपर मात्र आडवा कापलेला आहे. मग आपणही आडवंच कापावं. सोळाच्या सोळा चॅप्टर एक आणि दोन मार्कांच्या खोलीपर्यंत करायचे. म्हणजे व्याख्या, सूत्र, एकक, एखादं कारण, सोपं न्यूमेरिकल. तेवढ्यावरच १८ आणि १६ असे ३४ मार्क उभे राहतात. मग त्यांतले दहा चॅप्टर निवडून तळापर्यंत जायचं, लांब डेरिव्हेशन आणि अवघड न्यूमेरिकलसकट. सोळांतले दहा पक्के असले तर तीन मार्कांच्या बारांपैकी सातआठ आणि चार मार्कांच्या पाचांपैकी तीन सरासरीने आपल्या बाजूला पडतात. जेवढे सोडवायचे, साधारण तेवढेच. उरलेल्या सहांमधली लांब डेरिव्हेशनं ऑप्शनला. चॅप्टर कुठलाच नाही.

"म्हणजे सगळंच करायचं," ती तोंड पाडून म्हणाली.

"सगळं नाही. सगळ्यातलं थोडं."

हे तिला लगेच पटलं नाही. चॅप्टरवर लाल फुली मारण्यात जो मोकळेपणा आहे तो यात नाही. फुली मारली की तो विषय संपतो. थोडं करायचं म्हटलं की तो मागे लागतो.

दिवस कुठून सुरू करायचा, हा त्यापुढचा प्रश्न. भाचीची पद्धत अशी की सकाळी बसल्यावर आधी हिरवा चॅप्टर वाचायचा, 'मूड लागायला'. ही पद्धत जगभरच्या विद्यार्थ्यांची आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचताना येतंय असं वाटतं ते पान ओळखीचं झालेलं असतं म्हणून. परीक्षेत मात्र पान समोर नसतं.

म्हणून आम्ही रंग बदलले. हिरवा म्हणजे 'झालेला' नाही, तर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आलेला. तेवढ्या एका बदलाने निम्मे हिरवे पिवळे झाले. थोडी रडारड झाली. पण खरा फायदा पिवळ्यातच असतो. जेनेट मेटकाफ नावाच्या संशोधक बाईंनी अभ्यासाच्या वेळेच्या वाटणीवर बरंच काम केलंय. जे जवळजवळ येतं, थोडक्यात हुकतं, तिथे आधी वेळ घालावा, असं त्यांच्या मांडणीचं सार सांगता येईल. येतं ते पुन्हा करण्यात वेळ जातो, आणि मुळीच येत नाही त्याने सुरुवात केली तर दिवस जातो.

एक उदाहरण माझ्यासमोरच घडलं. फ्लुइड्समधलं सरफेस टेन्शनचं न्यूमेरिकल. साबणाच्या फुग्याच्या आतला जास्तीचा दाब काढायचा. भाचीने सूत्र घातलं २टी भागिले आर. मांडणी सुरेख, एककं बरोबर, उत्तर निम्मं. पाण्याच्या थेंबाला एकच पृष्ठभाग असतो म्हणून २टी. साबणाच्या फुग्याला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन, म्हणून ४टी. "अरे हो ना!" ती म्हणाली. दहा मिनिटांचं काम होतं आणि तीन मार्क सुटले. तिकडे एसी सर्किटमधला फेजर तिच्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले असते, तेही तीन मार्कांसाठीच. पिवळ्या चॅप्टरांत अशा दहादहा मिनिटांच्या जागा भरपूर असतात. त्या शोधायला कुणी बसत नाही, कारण त्यांना नाव नसतं. 'आज थर्मो संपवलं' असं घरी सांगता येतं, 'आज थेंब आणि फुगा यांतला फरक कळला' असं सांगून कुणी शाबासकी देत नाही.

नाव नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे लॉग टेबल. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. सोळा चॅप्टरांच्या यादीत त्याचा उल्लेखही नाही, पण जिथे जिथे न्यूमेरिकल तिथे तिथे ते हजर. भाचीला अँटिलॉग बघताना कॅरेक्टरिस्टिकचं ऋणचिन्ह कुठे ठेवायचं याची दरवेळी शंका येत होती. सतरावा चॅप्टर म्हणून आम्ही तो यादीत सगळ्यात वर लिहिला.

एवढं झाल्यावर तिने खरा पेच पुढे केला. बोर्ड फेब्रुवारीत, सीईटी एप्रिलमध्ये, नीट मेमध्ये. मग अभ्यास कुणाचा करायचा? पेच खराच आहे, कारण एकाच चॅप्टराचा भाव तिन्ही बाजारांत वेगळा. बोर्डाला डेरिव्हेशन पायरीपायरीने लिहिलं की मार्क. एमएचटी-सीईटीला फिजिक्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, चुकलं तरी कापत नाहीत, आणि पाचांतला एक भाग अकरावीचा. तिथे न आलेल्या प्रश्नावरही टिचकी मारून ठेवायची. नीटला फिजिक्सचे ४५ प्रश्न, बरोबर आला तर चार, चुकला तर एक वजा, म्हणजे तिथे गप्प बसणं हीसुद्धा एक निवड. तिघांना पुरून उरेल अशी यादी कुणाकडेच नाही. तिघांनाही लागतात ते बाण मात्र तेच. ऑसिलेशनचं समीकरण कळलेलं असलं की ते डेरिव्हेशनलाही उपयोगी आणि चाळीस सेकंदांत सोडवायच्या प्रश्नालाही.

आडव्या रेघेबद्दल माझं मत इतकं बरं का झालं, याचा नंतर विचार केला. फिजिक्स सुटल्यावर इतक्या वर्षांनी माझ्याकडे उरलंय ते जवळपास सगळं दोन मार्कांच्या खोलीचं आहे. एंट्रॉपीचं डेरिव्हेशन आता मला येणार नाही. पण मे महिन्यात आमचा कूलर का चालतो आणि मुंबईच्या चुलत भावाकडे तोच का चालत नाही, हे मला ठाऊक आहे. बाष्पीभवनाला कोरडी हवा लागते, ती विदर्भात फुकट मिळते आणि समुद्रकाठी मिळत नाही. ही दोन वाक्यं रोज उपयोगी पडतात. उभी फुली मारून सोडलेल्या चॅप्टरांची अशी दोन वाक्यंही हाताशी राहत नाहीत.

तळापर्यंत न्यायचे दहा चॅप्टर भाचीनेच निवडले, माझ्या दोन अटींवर. एक, ज्यांच्यातून बाण जास्त निघतात ते आधी. दोन, जे स्वस्त आहेत ते सगळे घ्यायचे. सेमिकंडक्टर, डुअल नेचर, मॅग्नेटिक मटेरियल्स लाल रंगातून वर आले. ऑसिलेशन, रोटेशनल, इलेक्ट्रोस्टॅटिक्स बाणांमुळे आले. आणखीही काही आले. दहावं नाव तिने लिहिलं ते वेव्ह ऑप्टिक्स.

मी थांबलो. पाच मार्क खरे, पण चॅप्टर मोठा. इंटरफिअरन्स, डिफ्रॅक्शन, पोलरायझेशन, सगळंच सावकाश चालणारं. बाणही फारसे नाहीत. त्यापेक्षा करंट इलेक्ट्रिसिटी कमी वेळात झाला असता. "हा काहून घेतला?"

"आवडते ना मला. साबणाच्या फुग्यावर रंग काहून दिसतात ते याच्यात आहे."

ते ऐकून मला भौतिकशास्त्रज्ञ रमण आठवले. गांधीसागर तलावाजवळ त्यांच्या नावाचं रमण विज्ञान केंद्र आहे. शाळेच्या सहलीतून नागपूरचं प्रत्येक पोर तिथे एकदा तरी जाऊन येतं. पण रमण आणि नागपूर यांचा संबंध इमारतीच्या नावापुरता नाही. १९०७ साली वित्त खात्याच्या परीक्षेत ते पहिले आले, सरकारी हिशेबनीस झाले, कलकत्त्याला गेले, आणि १९१० मध्ये त्यांची नागपूरला बदली झाली. इथे दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात घरच्या घरी प्रयोग. त्या काळी जगभर किरणोत्सार आणि अणू यांची चलती होती, आणि हा माणूस आपले तास तारा आणि ध्वनी यांना देत होता. पुढे तबला आणि मृदंग यांच्या पुडीवर मधोमध शाई का लावतात, तिने सुरेल हार्मोनिक कसे उमटतात, हे त्यांनी दाखवून दिलं. १९१७ मध्ये बऱ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ला जो शोध लागला तो प्रकाशाबद्दलचा, आणि त्याचा राष्ट्रीय विज्ञान दिवस दरवर्षी नेमका बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत येतो. परीक्षेला काय लागतं हे रमणांना चांगलं कळत होतं, पहिला नंबर फुकट येत नाही. आणि परीक्षा संपल्यावर आपल्याला काय लागतं, हेही त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. या दोन निवडी एकाच माणसात सुखाने राहू शकतात.

भाचीला मी यातलं काही सांगितलं नाही. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीला थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगू नयेत. तिला फिजिक्समध्ये आयुष्य काढायचं आहे असंही नाही. पण पुढचे दोन-तीन आठवडे तिला रोज खुर्चीत बसायचं होतं, आणि निव्वळ फायद्याच्या दहा चॅप्टरांसाठी कुणीही रोज खुशीने बसत नाही. यादीत एक तरी नाव असं हवं की ज्यासाठी पुस्तक आपण होऊन उघडलं जाईल. मग त्याच बैठकीत शेजारचा कंटाळवाणा चॅप्टरही थोडा सरकतो. मार्क, तास आणि बाण हे तिन्ही हिशेब करून झाल्यावर उरलेल्या एका जागेवर आवड लिहावी, आणि तिचं कारण कुणाला देऊ नये.

वेव्ह ऑप्टिक्स यादीत राहिला. बोर्डाच्या तक्त्यात त्याचे पाच मार्क आहेत. ते मिळाले तर उत्तमच.